लाशासाठी सबस्क्रिप्शन घेतलं, महिना झाला, आता रिव्ह्यू

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वेटलिफ्टिंगच्या जुन्या स्पर्धा दाखवतं एवढं पुरे. मी घेतलं ते फक्त लाशा तालाखाद्झेसाठी, जॉर्जियातल्या साचखेरेचा तो अवाढव्य माणूस, रिओ, टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक गोल्ड.

आधी चांगलं सांगतो. इथे हायलाईट्स नाहीत, अख्खं सेशन आहे, आणि त्याने काय फरक पडतो ते टोकियो बघताना कळलं. बारवरचं वजन फक्त वाढत जातं ना, कमी होत नाही, त्यामुळे बाकीचे येतात, लालबुंद होतात, आपापले अटेम्प्ट संपवून जातात आणि मग हा पठ्ठ्या येतो, जवळजवळ एकटाच. स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर, 223 किलो. इराणच्या अली दावूदीची टोटल, म्हणजे दोन्ही प्रकारांतल्या बेस्ट लिफ्टची बेरीज, 441 वर थांबलेली, म्हणजे गोल्डसाठी क्लीन अँड जर्कला (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 219 खूप झाले असते. ह्याने शेवटी 265 उचलले! टोटल 488, तिन्ही वर्ल्ड रेकॉर्ड, सिल्व्हरच्या 47 किलो पुढे. हीच लिफ्ट मी आधी दहा सेकंदांच्या क्लिपमध्ये शंभरदा बघितली असेल, तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

पिक्चर क्वालिटी ताश्कंदच्या 2021 वर्ल्ड चॅम्पियनशिपची बेस्ट. 225 च्या स्नॅचला पॉज करून प्लेट मोजल्या, दोन्हीकडे चार चार लाल, 25 किलोची एकेक, बास. उरलेले 25 बार आणि प्लेट घट्ट धरणाऱ्या कॉलरचे. ते सगळं एका दमात डोक्यावर, चेहरा असा की जणू माळ्यावरची बॅग काढतोय. त्याच दिवशी मग क्लीन अँड जर्कला 267, टोटल 492.

आता तक्रारी. रिओच्या व्हिडिओत नेमका वाद झाला तिथेच कट मारलाय. इराणच्या सलीमीने स्नॅचला 216 चं रेकॉर्ड केलेलं, लाशाच्या 215 पेक्षा एक किलो जास्त, मग रेफ्रींनी मान्य केलेली सलीमीची क्लीन अँड जर्कची 245 ची लिफ्ट ज्युरीने रद्द केली आणि तिथून सगळं बदललं. तेच बघायला बसलो होतो राव! आवाज अर्धा सेकंद मागे, ते वेगळंच.

ह्यूस्टनच्या 2015 वर्ल्ड चॅम्पियनशिपखाली अजून रशियाचा लोवचेव विजेता म्हणून लिहिलाय. तो नंतर डोपिंगमध्ये बाद झाला आणि गोल्ड लाशाकडे आलं, हे कोणी अपडेट केलंच नाही. आणि लाशाच्या प्रोफाईलमध्ये 2013 च्या डोपिंग बॅनबद्दल चकार शब्द नाही, डायरेक्ट पदकांची यादी. दोन वर्षं बाहेर होता की तो! फॅन मीपण आहे, पण लपवायचं कशाला?

पॅरिस मात्र सोडू नका. लाशा 470, आर्मेनियाचा लालायान 467, फक्त तीन किलोंचं अंतर. टोकियोत गंमत करत जिंकणारा माणूस इथे प्रत्येक लिफ्टला खरंच झगडताना दिसतो, मी माहीत असलेला निकाल परत बघत होतो तरी उठून उभा राहिलो.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा स्टार रिओच्या त्या कटमुळे गेला, नीट लावला तर परत देईन.