नऊ महिने भिंतीवर, मग बरीचशी पुन्हा डब्यात: स्लॅबमधली नाणी ठेवण्याचा अनुभव

माझ्याकडे ग्रेडिंग (म्हणजे कंपनीकडून दर्जा ठरवून घेणं) होऊन आलेली, स्लॅबमधली, म्हणजे लेबल लावलेल्या कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली ३४ नाणी आहेत. नऊ महिन्यांपूर्वी त्यातली १२ भिंतीवर लावली. आज तिथं पाचच उरलीत. बाकीची सात डब्यात परत का गेली, ते लिहायला बसलोय.

घेतलेल्या वस्तू तीन. समोर काच, आत एलईडीची पट्टी आणि १२ खण असलेली लाकडी फ्रेम. प्रत्येकी २० स्लॅब उभे मावतील असे प्लास्टिकचे दोन डबे. आणि स्लॅबसाठी खास पानं असलेला एक अल्बम. अल्बमचं आधी सांगून मोकळा होतो: घेऊ नका. पानात नऊ स्लॅब भरले की पान लोंबायला लागतं, पान उलटताना एकाची कड दुसऱ्याच्या तोंडावर घासते, आणि तिसऱ्या महिन्यात एक कडी उघडीच पडली. नाकापेक्षा मोती जड. पानं निदान पॉलिप्रॉपिलिनची होती. काही अल्बमांना नव्या रेक्झिनसारखा वास येतो, ते पीव्हीसी असतं. त्याला मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि स्लॅबचं प्लास्टिक धूसर, चिकट करतं. उघडं नाणं तशा पाकिटात राहिलं, तर त्यावर हिरवट चिकट थर धरतो.

फ्रेम मात्र पहिल्या दिवशी जाम आवडली होती. खरं सांगायचं तर इतकी वर्षं नाणी जमवून घरातल्या कुणाला ती दिसलीच नव्हती. दिवा लावला आणि १२ नाणी एका रांगेत उजळली, तेव्हा मीच पाच मिनिटं समोर उभा होतो. भाचा आला, नाक काचेला टेकवून म्हणाला, "मामा, यातलं सोन्याचं कुठलं?" एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल झाले असं वाटलं.

दोन आठवड्यांनी पहिली कुरबुर सुरू झाली, ती वासाची. काच उघडली की आतून भपकारा यायचा, थोडा सरसाचा, थोडा कोंदट रबराचा. तोवर माझी समजूत सगळ्यांसारखीच होती: नाणं स्लॅबमध्ये सीलबंद आहे, त्याला बाहेरच्या हवेशी काय घेणंदेणं? ही समजूत चुकीची आहे. स्लॅबचे दोन भाग अल्ट्रासोनिक वेल्डिंगने जोडलेले असतात. उघडला तर खुणा राहाव्यात आणि नाण्याला बोट लागू नये, हे त्या जोडणीचं काम. पण स्लॅब हवाबंद नसतो. दिवसा गरम, रात्री गार असं होत राहिलं की आतली हवा थोडी बाहेर जाते, बाहेरची थोडी आत येते. माझ्या फ्रेमची एलईडी पट्टी संध्याकाळी चार-पाच तास चालू असायची, वरच्या रांगेतले स्लॅब हाताला कोमट लागायचे. म्हणजे हा श्वासोच्छ्वास मीच रोज करवत होतो.

संग्रहालयांत वस्तूंजवळ कुठलं साहित्य चालेल हे तपासायची एक पद्धत आहे, ऑडी टेस्ट. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी ती १९७३ मध्ये मांडली. चांदी, तांबं आणि शिसं यांचे छोटे तुकडे संशयित साहित्यासोबत बंद काचेत, ओलाव्यात, ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचे आणि धातूवर काय उमटतं ते बघायचं. मी तिची घरगुती, गबाळी आवृत्ती केली. खणाच्या तळाशी चिकटवलेल्या काळ्या फेल्टची एक पट्टी ब्लेडने सोडवली, काचेच्या बरणीत टाकली, सोबत घासून लख्ख केलेली चांदीची तार, तांब्याची तार आणि ओल्या कापसाचा बोळा. दुसऱ्या बरणीत फेल्ट सोडून सगळं तसंच. खिडकीत उन्हाला महिनाभर. फेल्टच्या बरणीतली चांदीची तार पिवळसर तपकिरी झाली, वाकवलेल्या ठिकाणी जवळपास काळी. दुसऱ्या बरणीतली होती तशीच. लोकरीच्या फेल्टमध्ये गंधक असतं, आणि चांदी काळी पडते ती गंधकामुळेच. अमेरिकेतली मॉर्गन डॉलर ही चांदीची जुनी नाणी कापडी पिशव्यांत वर्षानुवर्षं पडून रंगीत झाली, त्यामागेही हेच. त्या इंद्रधनुष्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात ही गोष्ट वेगळी, पण माझ्या फ्रेममधून इंद्रधनुष्य निघेल यावर मी पैज लावणार नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की फेल्ट "उत्तम दर्जाचं" आहे. असेल. टोपी शिवायला.

फेल्ट पूर्ण खरवडून काढलं, सरसाचे डाग घासले, तिथं पॉलिथिनचा फोम कापून बसवला. एक रविवार गेला. लाकडाचं मात्र काही करता आलं नाही. दाबलेल्या भुश्याच्या फळीतून आम्लाचे सूक्ष्म वायू निघत राहतात आणि तांब्याला ते मानवत नाहीत. म्हणून तांब्याची तिन्ही नाणी त्याच दिवशी खाली उतरवली. त्यातल्या एकावर, लेबलवर आरबी म्हणजे लाल-तपकिरी असं लिहिलेल्या नाण्यावर, कडेजवळ मोहरीएवढा जांभळट ठिपका दिसला. लावण्याआधीच्या फोटोत तो नाही. ग्रेडिंगच्या आधी कुणाची थुंकी उडालेली असते, बोट लागलेलं असतं, ते वर्षांनी असं वर येतं, म्हणून सगळा दोष फ्रेमला देत नाही. पण तांब्याला हमीचा आधार धरू नका. पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीच्या हमीत तांब्याचा रंग नंतर बदलला तर ते धरलं जात नाही.

आता दिसण्याबद्दल, कारण फ्रेम घ्यायची ती त्यासाठीच.

नाणं एमएस ६३ का आणि एमएस ६६ का (एमएस म्हणजे न वापरलेलं नाणं, पुढचा आकडा दर्जाचा), हे भिंतीवर अजिबात कळत नाही. टाकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यावर एक फिरती चमक असते. दिव्याखाली नाणं हळूच तिरकं केलं की प्रकाशाचे आरे चाकासारखे गोल फिरतात. ती चमक हलवल्याशिवाय दिसत नाही. भिंतीवर नाणं स्थिर, दिवा वरून, डोळे समोरून: तेजदार नाणंही गिलावा केल्यासारखं दिसतं. प्रूफ नाण्याचा, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत पाडलेल्या नाण्याचा, आरसा तर सरळ काळा दिसतो आणि त्यात स्वतःचं नाक. वर फ्रेमची काच, तिच्या आत स्लॅबचं प्लास्टिक, दोन्हींवर खोलीतला दिवा. शेवटी पाहुणे वाचतात काय, तर लेबल. "हे पासष्ट म्हणजे शंभरपैकी का?" नाही हो, सत्तरपैकी. शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या तांब्याच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी काढलेली मोजपट्टी, ती पुढे सगळ्या नाण्यांना लागली. हे मी आत्तापर्यंत किमान दहा वेळा सांगितलंय.

मापाचं एक. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन ग्रेडिंग कंपन्यांचे स्लॅब दिसायला भावंडं, पण एका मापाचे नाहीत. फ्रेमच्या खणात एक सैल, दुसरा चेपून बसायचा. सैल बसलेला एक सहाव्या महिन्यात काच उघडताना सटकून फरशीवर पडला. कोपरा उडाला, नाण्याला काही झालं नाही. स्लॅब बदलून मिळतो, पण पाठवणं, वाट पाहणं आलंच. काच उघडताना खाली उशी ठेवायची सवय तेव्हापासून लागली.

डब्यांबद्दल तक्रार जवळजवळ नाही, म्हणून लिहायलाही कमी. झाकण घट्ट, खाचा सरळ. मोठ्या चांदीच्या नाण्यांनी भरलेला डबा किलोच्या वर जातो, तो दोन्ही हातांनीच उचला. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, नारिंगी दाण्यांच्या. ओलावा प्यायले की ते हिरवट होतात, मग ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर सुकवून परत. छोटा आर्द्रतामापक पहिल्या आठवड्यात ६१ टक्के दाखवत होता, आता ४१-४२ वर स्थिर आहे. डब्यातली पुडी तीन महिने टिकते. फ्रेममधली पाच आठवड्यांत हिरवी होते, यावरून फ्रेम किती गळते ते समजा.

स्लॅबवर ओरखडे आलेच तर मोटारीच्या प्लास्टिक हेडलाइटसाठी मिळणारी पॉलिश, मऊ कापड, हलका हात. बारीक रेघा जातात. ॲसिटोन चुकूनही लावू नका, प्लास्टिक क्षणात दुधाळ होतं.

आणि भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो टाकायची हौस असेल तर लेबलावरचा क्रमांक झाका. बनावट स्लॅब करणारे खरे क्रमांकच उचलतात. कंपनीच्या साइटवर क्रमांक टाकून बघितला तरी माहिती बरोबरच येते, नाणं भलतंच असतं. जिथं साइटवर नाण्याचा फोटो असेल तिथं तो ताडून पाहायचा.

सध्या भिंतीवर सोन्याची चार आणि एक निकेलचं. सोन्याला या वायूंचं फारसं काही वाटत नाही. दिवा फक्त कुणी आलं तरच लावतो. फ्रेमला पाचपैकी अडीच, डब्यांना साडेचार, अल्बमला अर्धा.

परवा भाचा परत आला होता. फ्रेमकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "मामा, तो डबा काढ ना." टेबलावर टॉवेल अंथरला, दिवा एका बाजूला ओढला, एक चांदीचं नाणं त्याच्या हातात दिलं आणि हळू तिरकं कर म्हटलं. चाक फिरलं तेव्हा त्याने स्लॅब लगेच उलटा करून मागची बाजूही तशीच फिरते का ते पाहिलं.