पन्नास वर्षांची गॅरंटी आणि पावसाळ्याआधीच जांभळी पडलेली सही

सह्या गोळा करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘ऑटोग्राफ किट’ नावाचा एक प्रकार फिरतो. काळा, निळा, चंदेरी आणि सोनेरी असे चार मार्कर, वर चकचकीत डबी. शाई पिगमेंटची, ॲसिड-फ्री, फोटो-बॅट-बॉल-रेकॉर्डचं कव्हर कशावरही चालणारी आणि पन्नास वर्षं न हलणारी, असं जाहिरातीत म्हटलेलं. किंमत साडेआठशे रुपये. डबीवर एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचं नाव. मी ते घेतलं आणि फसलो. हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय, कारण तेच किट आजही विकलं जातंय.

जाहिरातीसोबत एक व्हिडिओ असतो. फोटोवर सही करायची, दोन मिनिटं थांबायचं, मग फोटो सरळ नळाखाली धरायचा. शाईचा एक थेंब सुटत नाही. बघणारा गार! पण स्पिरिटवर चालणारा कुठलाही परमनंट मार्कर घ्या, वीस रुपयांचासुद्धा, तो पाण्याने जाणारच नाही. त्याची शाई पाण्यात विरघळतच नाही. सहीला खरा धोका उजेडाचा, आणि उजेडाचा परिणाम व्हिडिओत दाखवता येत नाही.

हातात आल्यावर मार्करमध्ये खोट काढायला जागा नव्हती. रंग गडद, टोक नीट, वास ओळखीचा. गहुंज्याला रणजी सामना संपल्यावर छोट्या बॅटवर सह्या घेतल्या, काही ग्लॉसी फोटोंवर घेतल्या. सवाई गंधर्व महोत्सवात एका बुजुर्ग गवयांनी त्यांच्याच जुन्या एलपी रेकॉर्डच्या काळ्या कव्हरवर चंदेरी मार्करने झोकदार सही करून दिली. पावसाळा लागायच्या आत काळी सही तपकिरी आणि मग जांभळट झाली. निळी इतकी उडाली की कोणाची ते सांगावं लागे. एलपीवरच्या चंदेरी रेघांभोवती तेलकट पिवळं वलय पसरलं. बॅट शोकेसमध्ये होती, खिडकीपासून लांब. गवईबुवा आता हयात नाहीत, तेव्हा ती सही परत मिळण्याचा प्रश्नच मिटला.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर लगेच आलं, “सर, तुम्ही उन्हात ठेवली असणार. आमच्याकडे कोणाचीच तक्रार नाही.” गॅरंटीचं विचारलं, तर म्हणे ती शाईची आहे, सहीची नाही. (हे वाक्य मी अजून पचवतोय.) माल परत करायची मुदत सात दिवस, तीही केव्हाच उलटलेली. सगळा धंदा या सात दिवसांवर उभा आहे. भुक्कड शाईसुद्धा सात दिवस काळीच दिसते.

मग मी मार्करच उघडायला घेतला. अंगावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन ब्लेडने सोलल्यावर खाली दुसरंच छापील नाव निघालं. घाऊक बाजारात पंधरा-वीस रुपयांना मिळणारा, खोक्यांवर पत्ते लिहायचा साधा मार्कर. त्या मार्करला मी नावं ठेवणार नाही, खोक्यावर तो झकास चालतो. लबाडी वेष्टनात आहे.

मुद्दा रंगद्रव्याचा आहे. स्वस्त मार्करमधला रंग स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळलेला असतो, त्याला डाय म्हणतात. काळा रंगही बहुधा जांभळा, निळा, पिवळा असे तीन-चार डाय मिसळून केलेला. उजेडाने त्यातले काही लवकर मरतात, उरलेला रंग दिसत राहतो. म्हणून काळी सही जांभळी पडते. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण. काळ्या पिगमेंटमध्ये सहसा कार्बनच असतो, आणि कार्बनला उजेडाचं सोयरसुतक नाही. पेशवे दफ्तरातले मोडी कागद आठवा. काजळी आणि डिंक घोटून केलेली शाई, बोरूने लिहिलेली. कागद पिवळे पडले, वाळवीने खाल्ले, अक्षर मात्र काळं ते काळंच.

‘पिगमेंट’ हा दावा खरा की खोटा, हे घरी दहा मिनिटांत कळतं. शाळेत केलेला प्रयोग आहे. गाळण कागदाची किंवा कॉफी फिल्टरची पट्टी कापा, खालून दोन बोटं सोडून मार्करचा ठिपका द्या, पूर्ण वाळू द्या. मग पट्टीचं टोक स्पिरिटमध्ये बुडवून उभी धरा, ठिपका मात्र बुडू देऊ नका. स्पिरिट वर चढताना ठिपक्यातून जांभळे-निळे पट्टे सुटून पळाले, तर तो डाय. ठिपका जागचा हलला नाही, तर पिगमेंट. माझ्या किटमधल्या काळ्याने असं इंद्रधनुष्य काढलं की बघत राहावं. हा प्रयोग माल आल्याच्या दिवशीच करा, सात दिवसांच्या आत, आणि त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. अस्सल परदेशी परमनंट मार्करही पुष्कळदा डायचेच असतात, पण त्यांचे बनवणारे पन्नास वर्षांच्या बाता मारत नाहीत.

लेबल वाचा. आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. माझ्या डबीवर यातलं काहीच नव्हतं, नुसता कंपनीचा लोगो आणि एक सोनेरी गोल शिक्का. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मी केली आहे. पैसे दिल्याची पावती, चॅट आणि सोललेल्या वेष्टनाचे फोटो जोडले. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं, तरी पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.

आता मी साध्या कागदावर आणि पुस्तकावर पिग्मासारखं पिगमेंट शाईचं पेन देतो, गडद कव्हरवर ऑइल पेंट मार्कर, तोही आधी नीट हलवून आणि रद्दी कागदावर चालवून. खोडता येणारी जेल पेनं खिशात असतील तर सहीच्या वेळी बाहेरसुद्धा काढू नका. फ्रिक्शनसारख्या पेनाची शाई साठेक अंशांना अदृश्य होते, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो.

तक्रार गेल्यावर विकणाऱ्याचा सूर बदलला. पैसे परत नाहीत, पण ‘रिस्टोरेशन’ करून देतो म्हणाला. बॅट आणि एलपी कुरिअरने पाठवायची, त्यांचा माणूस सही हुबेहूब गिरवून देणार, प्रत्येकी पाचशे रुपये. म्हणजे गवईबुवांच्या सहीवर कुणा भलत्याचाच हात फिरणार. गिरवलेली सही कुठलाही जाणकार भिंगाखाली ओळखतो आणि ती बनावट सह्यांच्या ढिगात टाकतो. मी नकार दिला, तर त्याने मला ब्लॉक केलं. ग्रुपवर सध्या हेच किट नव्या नंबरवरून, त्याच फोटोंसह येतंय. किंमत आता साडेनऊशे आहे.