कंट्रोल डेक: वॉरियर घ्यावा की प्रीस्ट?

हार्थस्टोन या डिजिटल पत्त्यांच्या खेळात कंट्रोल डेक म्हणजे समोरच्याला थोपवून खेळ लांबवणारा पत्त्यांचा संच. वॉरियर आणि प्रीस्ट या दोन्ही हिरोंची हिरो पॉवर (दर चालीला वापरता येणारी खास शक्ती) २ मॅनाची, म्हणजे चालीसाठी मिळणाऱ्या ऊर्जेची, पण फरक मोठा आहे. प्रीस्ट २ आरोग्य भरून देतो आणि ३० या कमाल आरोग्यावर थांबतो. वॉरियरला २ आर्मर (आरोग्याआधी मार झेलणारं कवच) मिळतं, ते ३० च्या वर साठतं. म्हणजे समोरचा शांत असेल तेव्हा प्रीस्टची खेळी वाया जाते, वॉरियरची नाही.

डेक संपल्यावर हे फार जाणवतं. पत्ता नसताना ओढलं की १, २, ३ असं वाढतं नुकसान होतं. नुसत्या ३० आरोग्यावर आठव्या ओढीला खेळ संपतो. वर २० आर्मर असेल तर दहाव्या ओढीला.

वॉरियरची नेहमीची चूक म्हणजे ब्रॉल (मैदानावरचा एक मिनियन, म्हणजे लढणारा सैनिक, सोडून बाकी सगळे मारणारा पत्ता) घाईने टाकणं. समोर दोनच मिनियन असताना ५ मॅना घालून एकच मरतो. सहा जमू द्या, पाच जातील. ८ मॅना असतील तर आधी आर्मर, मग ब्रॉल, उरलेल्याला १ मॅनाचा शील्ड स्लॅम. स्लॅमचा मार आर्मरइतका असतो आणि आर्मर खर्च होत नाही, म्हणून क्रम चुकवू नका.

प्रीस्टची खरी ताकद मिनियन बरे करण्यात आहे: आधी भिडवा, वाचला तर भरा. हिशोब जास्त, चाल ७५ सेकंदांची. पुण्यात वनाज ते रामवाडी मेट्रोत उभ्याने खेळणाऱ्याने वॉरियरच घ्यावा. प्रीस्ट घरी, निवांत.