पत्र्याचा गॅरेज-संच : सांगाडा भक्कम, इन्सुलेशन नावापुरते

सुटे भाग मागवून स्वतः जोडायच्या गॅरेज-संचांबरोबर हल्ली तीन गोष्टी एकत्र विकल्या जातात : लोखंडी सांगाडा व पत्रे, इन्सुलेशनचे रोल आणि 'जोडा व वापरा' अशा शब्दांत जाहिरात केलेला वायरिंग पॅक. येथे ज्याचे परीक्षण केले आहे तो संच ३ मीटर रुंद व ६ मीटर लांब, म्हणजे एक मोटार आणि भिंतीलगत कामाचे एक अरुंद टेबल मावेल एवढा आहे. उत्पादकाचे नाव मुद्दामच दिलेले नाही, कारण पुढील बाबी या प्रकारचा कोणताही संच घेताना तपासून पाहण्यासारख्या आहेत. माझे मत आधीच नोंदवतो : सांगाडा व पत्रे जरूर घ्यावेत, इन्सुलेशन पॅक घेऊ नये, आणि वायरिंग पॅकमधली वीज वाटणारी पेटी तेवढी ठेवून केबल स्वतः निवडावी.

सांगाड्याबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. खांब, कैच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) आणि पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) यांवर जस्ताचा थर एकसारखा आहे, बोल्टची भोके कारखान्यातच पाडलेली असून ती एकमेकांसमोर बरोबर येतात, आणि छताची शेवटची पर्लिन बसेपर्यंत एकही बोल्ट पूर्ण आवळू नये ही महत्त्वाची सूचना पुस्तिकेत ठळकपणे दिली आहे. चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण मोजायचे असतात. ३ × ६ मीटरच्या चौकटीत ते प्रत्येकी सुमारे ६.७१ मीटर भरले पाहिजेत, आणि त्यांत सेंटिमीटरभराचा फरक राहिला तरी तो पुढे दाराच्या चौकटीत डोके वर काढतो. भागांचे क्रमांक मात्र कागदी चिकटपट्ट्यांवर छापलेले आहेत. पट्टी एकदा ओली झाली की ती सुटते आणि मग एकसारखे दिसणारे दोन खांब केवळ भोकांच्या अंतरावरून ओळखावे लागतात. क्रमांक धातूवरच ठोकून देणे उत्पादकाला अवघड नव्हते.

पत्रे जोडण्याचे सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडणारे, स्क्रू रबरी वॉशरसह येतात आणि ते पुरून उरतील इतके दिलेले आहेत. वॉशर किंचित दबून स्क्रूच्या डोक्याच्या कडेला जेमतेम दिसू लागला की थांबायचे असते. त्याहून जास्त आवळल्यास रबर बाहेर फुगते, काही काळाने चिरते आणि पाणी नेमके तेथूनच आत येते. पुस्तिका येथपर्यंत नीट सांगते, पण दोन गोष्टी तिने गाळल्या आहेत. भोक पाडताना उडणारा लोखंडाचा बारीक चुरा त्याच दिवशी ब्रशने झाडून काढला नाही, तर पहिल्याच ओलाव्यात रंगीत पत्र्यावर तांबूस ठिपके उमटतात आणि पत्राच गंजतो आहे असे वाटू लागते. तसेच पत्रा कापण्यासाठी ग्राइंडर वापरल्यास कडेचा रंग व जस्त दोन्ही जळतात आणि गंजाची खरी सुरुवात तेथून होते. त्यासाठी हातकात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारे यंत्र) हेच योग्य हत्यार आहे.

पायाबाबत पुस्तिकेत 'सपाट काँक्रीट' एवढाच उल्लेख आहे. १०० मिलिमीटर जाडीचा स्लॅब आणि त्याखाली २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद हे मोटारीसाठी सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. खरा पेच उताराचा आहे. गाडीवरून निथळणारे पाणी बाहेर जावे म्हणून जमिनीला दाराकडे १:१०० एवढा उतार हवा, म्हणजे ६ मीटर लांबीत ६० मिलिमीटरचा फरक पडतो. मात्र भिंतींची खालची पट्टी समपातळीतच बसली पाहिजे. यावर उपाय एकच : तीन बाजूंनी काँक्रीटचा छोटा कठडा समपातळीत भरून घ्यावा, पट्टी त्यावर बसवावी आणि उतार फक्त आतल्या जमिनीला द्यावा. असे केल्याने पत्र्याची खालची कड उडणाऱ्या पाण्यापासूनही दूर राहते. संच विकणाऱ्याने याचे एक साधे रेखाचित्र द्यायला हवे होते.

आता इन्सुलेशन पॅककडे वळतो, कारण या संचाची सर्वांत मोठी जाहिरातही तीच आहे आणि सर्वांत मोठी निराशाही तीच. पॅकमध्ये सुमारे ४ मिलिमीटर जाडीचे, हवेचे बुडबुडे असलेले आणि दोन्ही बाजूंनी चकचकीत फॉइल लावलेले रोल मिळतात, आणि ते जाड फोमच्या तोडीचे असल्याचा दावा वेष्टनावर छापलेला आहे. चकचकीत फॉइल किरणांवाटे येणारी बहुतांश उष्णता परतवते हे खरे आहे, परंतु त्यासाठी फॉइलसमोर हवेची मोकळी पोकळी असावी लागते. २५ मिलिमीटरची बंद पोकळी ठेवली, तर भिंतीत अशा थराचा उष्णतारोध (आकडा जितका मोठा तितकी उष्णता कमी जाते) साधारण ०.५ चौरस मीटर-केल्विन प्रति वॅटच्या आसपास जातो. ती पोकळी नसेल, तर उरतो तो केवळ ४ मिलिमीटर जाडीचा रोध, म्हणजे जेमतेम ०.१. याउलट ५० मिलिमीटर रॉकवूलचा (दगडाच्या तंतूंची लोकर) रोध सुमारे १.३ आणि तेवढ्याच जाडीच्या पीआयआर या कडक फोमचा २ च्या वर असतो. पुस्तिका मात्र हा रोल दुहेरी चिकटपट्टीने थेट पत्र्याला चिकटवायला सांगते! आतल्या बाजूची फॉइल खोलीसमोर उघडी राहते आणि सुरुवातीला थोडेफार काम करते, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. पण गॅरेजमध्ये लाकडाचा भुसा आणि धूळ असणारच, आणि धूळ बसलेली फॉइल उष्णता परतवत नाही. छतावर ऊन तापत असेल, तर पर्लिनखाली पोकळी सोडून ताणलेली फॉइल उपयोगी ठरते. भिंतींसाठी आणि थंडीसाठी तिच्यावर विसंबून राहू नये.

रॉकवूल किंवा फोम वापरतानाही खांबांचा विचार करावा लागतो. पोलाद रॉकवूलच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे खांबांच्या मधल्या जागा कितीही काळजीपूर्वक भरल्या तरी खुद्द खांबांतून उष्णता ये-जा करीतच राहते. म्हणून खांबांवरून आतल्या बाजूने फोमचा एक सलग पातळ थर न्यावा आणि त्यावर जिप्सम बोर्ड बसवावा. फोम उघडा ठेवणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे. जेथे वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगच्या ठिणग्या उडणार असतील, तेथे न जळणारे रॉकवूल केव्हाही बरे.

दमटपणाचा प्रश्न तर या पॅकने विचारातच घेतलेला नाही. निरभ्र रात्री पत्र्याचे छत आकाशाकडे उष्णता फेकून भोवतालच्या हवेहूनही थंड होते. आतली हवा २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर साधारण १२ अंशांखाली गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. भिजलेली गाडी आत आणून दार लावले की आर्द्रता आणखी वाढते, आणि पहाटे छतावरून थेंब गळू लागले की पत्रा गळतो आहे अशी समजूत होते. पत्र्याच्या खालच्या बाजूला कारखान्यातच चिकटवलेले नमदेदार अस्तर हे पाणी धरून ठेवते आणि दिवसा सुकू देते. याच उत्पादकाकडे ते जादा पर्याय म्हणून मिळते, आणि इन्सुलेशन पॅकऐवजी त्यावर पैसे खर्च करणे शहाणपणाचे आहे. बाष्परोधक कागद कोणत्या बाजूला लावायचा हे हवामानावर ठरते : थंड प्रदेशात आतून तापवलेल्या खोलीत तो आतल्या बाजूला, आणि उष्ण-दमट प्रदेशात एसी चालवलेल्या खोलीत बाहेरच्या बाजूला. पुस्तिकेत सर्वांना सरसकट एकच चित्र दिले आहे.

वायरिंग पॅकमधली पेटी समाधानकारक आहे. ३० मिलिअँपियर वीज गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी, आणि जादा भार येताच बंद होणारे एमसीबी, दिव्यांसाठी ६ अँपियरचा व सॉकेटसाठी १६ अँपियरचा, अशी तिची नेमकी आणि पुरेशी रचना आहे. घोटाळा केबलचा आहे. पॅकमध्ये २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची केबल येते आणि तिच्या टोकाला पिन लावून घरातल्या सॉकेटमधून वीज घ्यावी असे सुचवले आहे. ही सूचना पाळू नये. गॅरेजसाठी घराच्या मुख्य बोर्डावरून स्वतंत्र एमसीबीवर स्वतंत्र लाइन काढावी, आणि ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. केबलची जाडी अंतरावरून ठरते. बोर्डापासून गॅरेज ३० मीटर दूर असेल, तर वीज जाऊन-येऊन ६० मीटरचा प्रवास करते. २.५ चौरस मिलिमीटरच्या केबलचा त्या लांबीचा विरोध सुमारे ०.४१ ओहम भरतो आणि १६ अँपियरला जवळजवळ ६.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यात साधारण ३ टक्के. केबल तापल्यावर हा आकडा आणखी वाढतो. ४ चौरस मिलिमीटरची केबल घेतल्यास घट सुमारे ४.१ व्होल्टवर येते. कॉम्प्रेसर किंवा लाकूड कापण्याची करवत सुरू होताना मोटर क्षणभर कित्येक पट वीज ओढते, तेव्हा हा फरक ताबडतोब जाणवतो. विजेवर चालणारी गाडी चार्ज करण्यासाठी मात्र हा पॅक मुळीच नाही. तासन्‌तास चालणाऱ्या त्या भारासाठी वेगळी लाइन आणि वेगळे संरक्षण लागते.

वायरिंग आणि इन्सुलेशन ज्या ठिकाणी एकत्र येतात, तेथील दोन धोके पुस्तिकेत कोठेही नाहीत. पहिला असा की चारी बाजूंनी इन्सुलेशनने वेढलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, आणि असा वेढलेला भाग अर्ध्या मीटरहून लांब असेल तर तिची वहनक्षमता निम्मीच धरायची असते. दुसरा अधिक विचित्र आहे : पीव्हीसीचे वेष्टन थर्माकोलला चिकटून राहिले की त्यातले मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू थर्माकोलमध्ये उतरते, थर्माकोल विरघळल्यासारखा आत बसत जातो आणि वेष्टन कडक होऊन वाकवताच तडकते. केबल पाइपातून आणि इन्सुलेशनच्या खोलीकडील बाजूने नेली की दोन्ही धोके टळतात. पत्र्याच्या खांबातल्या भोकांची धार केबल कापू शकते. तरीही रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसवायच्या कड्या) पॅकमध्ये अगदी मोजकेच आहेत, तेव्हा ते आधीच जादा आणून ठेवावेत. सांगाडा धातूचा असल्याने त्याला अर्थिंगची तार जोडणे अपरिहार्य आहे, आणि त्यासाठी खांबाला स्वतंत्र बोल्ट दिला आहे ही चांगली गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व जमिनीलगत साचते, म्हणून सॉकेट जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर वर बसवावेत. पॅकमधले रेखाचित्र ते याहून बरेच खाली दाखवते.

गॅरेज नीट बंदिस्त करून इन्सुलेशन लावल्यावर हवा खेळण्याचे झरोके अधिक महत्त्वाचे होतात. संचात फक्त वरच्या बाजूला एक जाळी येते. जड वाफेसाठी तिच्या समोरच्या भिंतीत जमिनीलगत दुसरी जाळी स्वतः कापून बसवावी, आणि पत्रा कापल्यावर उघडी पडलेली कड जस्ताच्या रंगाने झाकावी. दोन जाळ्या असल्या तरी दार बंद करून इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दाराच्या खालच्या रबरी पट्टीची लांबी या संचात चौकटीपेक्षा थोडी कमी भरली. ग्राहकसेवेला कळवल्यावर त्यांनी नवी पट्टी कुरकुर न करता पाठवली, आणि ती बरोबर बसली.