बरं झाल्यानंतरची सत्रं: मिरजेतल्या एका दवाखान्याचा अनुभव

माझी मुलगी अकरावीत आहे. दहावीच्या वर्षी तिला डिप्रेशन आलं आणि औषध-समुपदेशनानं ती त्यातून बाहेर आली. त्या उपचारांबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते त्यानंतर त्याच दवाखान्यात घेतलेल्या सत्रांबद्दल, आजार उलटू नये म्हणून असतात त्या. दवाखान्याचं नाव देत नाही, नाहीतर पोरगी ओळखू येईल.

ती हसायला-बोलायला लागली तसा नातेवाइकांनी धोशा लावला, ‘आता गोळ्या बंद करा, सवय लागते.’ डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावलं. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर मोठा अभ्यास झाला. त्यातल्या १९६ जणांचा पुढे काही वर्षं माग ठेवला, तर जवळजवळ सगळी बरी झाली होती. पण बऱ्या झालेल्यांपैकी ४६.६ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, आणि त्यात मुलींचं प्रमाण जास्त. ऐकून पोटात गोळा आला. मग त्यांनी २०१४ सालचा दुसरा अभ्यास सांगितला. फ्लुओक्सेटीन या डिप्रेशनवरच्या गोळीनं सुधारलेली १४४ मुलं घेतली. काहींना नुसतं औषध चालू ठेवलं, काहींना जोडीला ही सत्रं दिली. ३० आठवड्यांत नुसत्या औषधावरच्या २६.५ टक्के मुलांचा आजार उलटला, सत्रंही घेतलेल्यांपैकी ९ टक्के मुलांचा. आम्ही तिथंच हो म्हणालो.

सत्रांत गप्पा कमी आणि काम जास्त. मला सगळ्यात मोलाचा वाटला तो एक साधा कागद. सत्र घेणाऱ्या मॅडमनी पोरीलाच विचारलं, ‘मागच्या वेळी सगळ्यात आधी काय बदललं होतं?’ ‘रडू येणं’ असलं काही तिनं लिहिलं नाही. तिनं लिहिलं: डब्यातली अर्धी पोळी परत येते. केस विंचरायचा कंटाळा येतो. हेडफोन घालून बसते, पण गाणं लावलेलं नसतं. हे शेवटचं वाचून मी गप्पच झालो. त्या महिन्यांत ते हेडफोन मी रोज बघत होतो आणि पोरगी गाणी ऐकतेय, बरंच आहे, असं समजत होतो.

कागदाच्या उजव्या बाजूला कुणी काय करायचं ते. आईनं रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा, म्हणजे झोप मोडणार नाही. मी प्रश्नांची सरबत्ती करायची नाही, ‘चल, घाटावर जाऊन येऊ’ एवढंच म्हणायचं. तिनं मन नसलं तरी ठरलेल्या दोन गोष्टी करायच्या, त्यातली एक मैत्रिणीबरोबरची. आणि ही लक्षणं दोन आठवडे टिकली तर, किंवा जगावंसं वाटत नाही असा शब्द एकदा जरी निघाला तर त्याच दिवशी, डॉक्टरांना फोन. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर खाली लिहिलाय. तो सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

युनिट टेस्टला मार्क कमी पडले तेव्हा ती दोन दिवस रडली. आमचे धाबे दणाणले. कागद काढला तर तीच म्हणाली, ‘पप्पा, डबा संपतोय ना? मग हे नुसतं वाईट वाटणं आहे.’ हा फरक तिला स्वतःला कळायला लागला, मला याहून जास्त काही नको होतं.

खटकलेल्या गोष्टीही सांगतो. काउंटरवर सगळ्यांसमोर ‘डिप्रेशन फॉलोअप कोण?’ असं ओरडून विचारतात. सोळा वर्षांच्या पोरीला बाकावर बसल्या बसल्या मान खाली घालावी लागते. हे आजच्या आज थांबायला हवं. सत्राचे ८०० रुपये आहेत, सगळ्यांना झेपणारे नाहीत. रविवारी बंद, त्यामुळे क्लास बुडतो.

तरीही ज्यांचं मूल नुकतंच सावरलंय त्यांनी अशी सत्रं जवळपास कुठं मिळतात ते डॉक्टरांना जरूर विचारा. गोळ्या मनानं बंद करू नका. पहिल्या भेटीला जाताना परीक्षांचं वेळापत्रक बरोबर न्या. आमच्या डॉक्टरांनी डोस हळूहळू कमी करायचं परीक्षा संपून सुट्टी लागल्यावरच ठेवलंय.