आरोग्य विम्याचे कार्ड: काय छापले आहे आणि काय छापायला हवे

आमच्या कुटुंबाची फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सर्वांना मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी, एका खासगी विमा कंपनीकडे आहे आणि दर वर्षी नूतनीकरण झाले की घरातील प्रत्येकाच्या नावाचे एक आरोग्य कार्ड ई-मेलने येते. हे परीक्षण पॉलिसीचे नसून त्या कार्डाचे आहे. रुग्णालयात जाताना पॉलिसीचे जाड बाड कोणी सोबत घेत नाही, कार्डच घेतो, आणि मेडिक्लेमच्या काउंटरवर सर्वांत आधी मागितले जाते ते आधार आणि हेच कार्ड. कंपनीचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण नातेवाइकांकडील इतर कंपन्यांची कार्डे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा रंग आणि बोधचिन्ह सोडले तर मांडणी जवळपास सारखीच निघाली. ओळख पटवण्याचे काम हे कार्ड चोख करते. मात्र विमाधारकाला स्वतःच्या विम्याविषयी जे ऐन वेळी कळायला हवे, त्यातले फार थोडे त्यावर आहे.

कार्डाच्या दर्शनी बाजूला नाव, जन्मतारीख, लिंग, प्रस्तावकाशी, म्हणजे पॉलिसी घेणाऱ्याशी, असलेले नाते, पॉलिसी क्रमांक, सदस्य क्रमांक आणि वैधतेच्या तारखा असतात. यातील दोन क्रमांकांची गल्लत बहुतेक घरांत होते. पॉलिसी क्रमांक साऱ्या कुटुंबाचा एकच असतो आणि अनेक कंपन्यांत तो नूतनीकरणाबरोबर बदलतो. सदस्य क्रमांक मात्र ज्याचा त्याचा वेगळा असतो आणि कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याची, मंजुरी मागताना रुग्णाची नोंद त्यावरूनच शोधली जाते. आईला दाखल करताना वडिलांचे कार्ड पुढे केले, तर पॉलिसी सापडते पण अर्ज चुकीच्या सदस्याच्या नावावर जाण्याची शक्यता राहते. म्हणून प्रत्येकाचे कार्ड वेगळे जपून ठेवावे. आमच्या कंपनीने हे दोन्ही क्रमांक एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक छापले आहेत. सदस्य क्रमांक ठळक केला असता तर काउंटरवरचा बराच गोंधळ वाचला असता.

कार्डावर कधी एक तर कधी दोन बोधचिन्हे दिसतात. दुसरे चिन्ह असते ते टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दाव्यांची कागदपत्रे हाताळणाऱ्या आणि विमा नियामक आयआरडीएआयकडे नोंदणी असलेल्या संस्थेचे. कॅशलेसचा अर्ज, चौकशीची पत्रे आणि मंजुरीचा निरोप टीपीएकडून येतो, पण दावा मान्य करण्याची वा नाकारण्याची जबाबदारी विमा कंपनीचीच राहते. कार्डावर दोघांचेही दूरध्वनी क्रमांक असतील तर दाखल होताना टीपीएला आणि नाराजी नोंदवायची असेल तेव्हा कंपनीला फोन करावा, ही साधी गोष्ट कार्डावर एका ओळीत मावली असती. ती नाही, आणि त्यामुळे लोक चुकीच्या क्रमांकावर ताटकळत बसतात.

नावाच्या रकान्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे ही अडचण घरोघरी आहे. लग्नानंतर ज्या स्त्रियांचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते, त्यांच्या आधारवर एक नाव, पॅन कार्डावर दुसरे आणि बँकेत तिसरे, अशी स्थिती सर्रास आढळते. माझ्या स्वतःच्या कार्डावर पहिले नाव आणि सासरचे आडनाव आहे, मधले नाव गाळलेले आहे; सासूबाईंच्या कार्डावर संपूर्ण नाव बसले नाही म्हणून आडनावाची शेवटची दोन अक्षरे तुटली आहेत. रुग्णालयाला कार्डावरील नाव ओळखपत्राशी जुळवून पाहावे लागते, आणि जुळले नाही तर मंजुरी चौकशीत अडकते, तीही रुग्ण खाटेवर असताना. कंपनीला पत्र पाठवून आम्ही दोन्ही नावे दुरुस्त करून घेतली आणि त्यासाठी वेगळे शुल्क द्यावे लागले नाही. कार्ड हाती येताच नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहणे, ही या सेवेतील पहिली पायरी मानावी.

तारखांबाबत कार्ड सर्वांत अपुरे आहे. त्यावर असतो तो चालू वर्षाचा आरंभ आणि शेवट. दावा ठरवताना मात्र पॉलिसी पहिल्यांदा कधी घेतली ही तारीख निर्णायक असते, कारण प्रतीक्षा कालावधी तेथून मोजला जातो. अपघात सोडला तर नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस दावा मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधेरोपण यांसारख्या ठरावीक उपचारांसाठी अनेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते. आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठीची कमाल मर्यादा, जी पूर्वी 48 महिने होती, ती 2024 मध्ये 36 महिन्यांवर आणली गेली. सलग 60 महिने विमा चालू राहिल्यावर माहिती लपवल्याचे कारण देऊन, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, दावा नाकारता येत नाही. ज्यांनी एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत पॉलिसी पोर्ट केली आहे, त्यांच्या जुन्या वर्षांचे श्रेय पुढे चालते, पण नव्या कार्डावर नव्या कंपनीचाच आरंभ छापलेला असतो. नात्यातील एका कार्डावर ‘सदस्यत्व केव्हापासून’ असा रकाना पाहिला. तो प्रत्येक कार्डावर असायला हवा; जागा लागते ती एका तारखेची.

आता खोलीभाड्याकडे वळते. माझ्या मते कार्डाची सर्वांत गंभीर उणीव येथे आहे. ज्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा असते, ती बहुधा विमा रकमेच्या एक टक्का प्रतिदिन अशी असते. पाच लाखांचा विमा असेल तर रोजचे 5,000 रुपये. रुग्णाने 8,000 रुपयांची खोली घेतली तर जादा भाडे स्वतः भरायचे, एवढेच बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल तर शल्यविशारदाचे मानधन, भूलतज्ज्ञाचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार या सर्वांना मंजूर भाडे आणि प्रत्यक्ष भाडे यांचे गुणोत्तर लागते. 8,000 पैकी 5,000 म्हणजे साडेबासष्ट टक्के. हे खर्च 1,20,000 रुपयांचे असतील तर मंजूर होतात 75,000 आणि उरलेले 45,000 रुग्णाच्या खिशातून जातात. त्यात तीन दिवसांच्या जादा भाड्याचे 9,000 मिळवले की आकडा 54,000 वर पोचतो. औषधे, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या आकारालाही नाही, आणि ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत तेथेही नाही, असे नियामकाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. पण हे सारे कळण्याआधी खोली निवडून झालेली असते.

सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हा प्रसंग मी समोर पाहिला. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण वडिलांना दाखल करत होता. काउंटरवरील कर्मचाऱ्याने त्याला विचारले, “सिंगल रूम की ट्विन शेअरिंग?” त्याने हातातले कार्ड दोन्ही बाजूंनी उलटून पाहिले आणि म्हणाला, “यावर काही लिहिलेलं नाही. मेडिक्लेम आहे ना, सिंगल द्या.” त्या मुलाने योग्य ठिकाणी शोधले होते, उत्तर तेथे असायला हवे होते. विम्याची रक्कम कार्डावर छापू नये, कारण ती पाहून बिल फुगवले जाण्याची भीती असते, हे म्हणणे मला पटते. फ्लोटर पॉलिसीत ती रक्कम सर्वांची मिळून असते आणि वर्षभरात खर्च होत जाते, त्यामुळे छापील आकडा दिशाभूलही करू शकतो. परंतु ‘खोली: सिंगल, एसी’ किंवा ‘खोलीभाडे: प्रतिदिन 5,000 रुपयांपर्यंत’ एवढे लिहिल्याने कोणाचे नुकसान होणार आहे? दाव्यातील स्वतःचा वाटा, म्हणजे को-पे, याबाबतही हेच म्हणता येईल. ज्येष्ठ नागरिकांच्या अनेक पॉलिसींत तो असतो आणि बिल हाती येईपर्यंत घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

कार्डाच्या मागील बाजूस बारीक, फिकट करड्या अक्षरांत सूचना आहेत. सासऱ्यांना त्या चष्मा लावूनही वाचता आल्या नाहीत; मोबाइलवर मोठ्या करून मी वाचून दाखवल्या. त्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य असे, की हे कार्ड म्हणजे खर्च मिळेल याची हमी नव्हे आणि कॅशलेससाठी पूर्वमंजुरी आवश्यक आहे. मंजुरीच्या वेळेविषयी मात्र मागे काहीच नाही. आयआरडीएआयच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत द्यायची असते. त्याहून उशीर झाल्याने रुग्णालयाने काही जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची आहे. हे दोन आकडे कार्डाच्या मागे असते तर डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून राहणाऱ्या कुटुंबाला विचारणा करण्याचा आधार मिळाला असता. जानेवारी 2024 पासून कंपनीशी करार नसलेल्या, म्हणजे जाळ्याबाहेरील, रुग्णालयातही कॅशलेस मागता येते, मात्र नियोजित उपचारासाठी 48 तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून 48 तासांत कळवावे लागते. याचाही उल्लेख नाही.

क्यूआर कोड आहे, पण तो स्कॅन केल्यावर कंपनीचे मुखपृष्ठ उघडते, आपली पॉलिसी नाही. सगळा मजकूर इंग्रजीत आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या सेवेच्या ओळखपत्रावर निदान मागच्या सूचना मराठीत असाव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कार्डांच्या प्रकारांविषयीही लिहायला हवे, कारण आता एकेका घरात तीन-तीन कार्डे असतात. आभा कार्डावरील 14 अंकी क्रमांक आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठी असतो. तो विमा नाही आणि त्यावर उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. आयुष्मान कार्ड वेगळे. ते पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयात देते, आणि 70 वर्षे आणि त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता ऑक्टोबर 2024 पासून स्वतंत्र वय वंदना कार्ड मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्याच्याशी जोडून चालते आणि संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र मदतीला असतो. नोकरीतून मिळालेल्या गट विम्याच्या कार्डाचा भरवसा नोकरी असेपर्यंतच. वैधतेची छापील तारीख पुढची असली तरी राजीनाम्यानंतर ते सहसा चालत नाही.

ज्यांच्याकडे आमच्यासारखेच कार्ड आहे त्यांनी कंपनीकडून ग्राहक माहिती पत्रक मागून घ्यावे. जानेवारी 2024 पासून ते नव्या सोप्या नमुन्यात देणे बंधनकारक आहे आणि विमाधारकाने इच्छा व्यक्त केल्यास स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, उपलब्ध करून द्यावे लागते. खोलीभाडे, को-पे, प्रतीक्षा कालावधी हे सर्व त्यात असते. मी त्यातील पाच ओळी काढून प्रत्येक कार्डाच्या छापील प्रतीच्या मागे चिकटवल्या आणि लॅमिनेट करून घेतल्या.

कार्डाला पाचपैकी अडीच गुण देते. नावाच्या दुरुस्तीत कंपनीने दाखवलेल्या तत्परतेसाठी अर्धा गुण आणखी. तक्रार कोठे करावी हेही कार्डावर नाही, म्हणून येथे नोंदवते: आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत आयआरडीएआयचे बीमा भरोसा पोर्टल किंवा 155255 हा क्रमांक, आणि महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही तर विमा लोकपाल. 50 लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांची प्रकरणे लोकपाल ऐकतात, मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, आणि तक्रारीसाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही.