भयपटासाठी घेतलेला दुरंगी एलईडी पॅनल: सत्रभराच्या वापरानंतर

भयपट करायचा असेल आणि ग्रुपकडे एकाच वस्तूपुरते पैसे असतील, तर कॅमेरा राहू द्या, लाइट घ्या. सत्रभर वापरून माझं हे मत पक्कं झालंय. आमचं कॉलेज साताऱ्यातलं. शेवटच्या वर्षाचा ग्रुप प्रोजेक्ट म्हणून लघुपट करायचा होता आणि सगळ्यांनी एकमताने भयपट निवडला. कॅमेरा म्हणजे आमच्यातल्या एकीचा फोन. वर्गणी जमली ती सगळी दोन छोट्या पॅनलमध्ये आणि त्यांच्या बॅटऱ्यांमध्ये गेली. लाइटचं काम माझ्याकडे होतं, म्हणून हा अनुभव मी लिहितेय.

वस्तू साधी आहे. तळहातापेक्षा थोडा मोठा, १५ वॉटचा पॅनल. रंग ३२०० ते ५६०० केल्विन, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बपासून दुपारच्या उन्हापर्यंत. मागे दोन चकत्या, एक उजेडाची, एक रंगाची. बॅटरी एनपी-एफ प्रकारची, जी हँडीकॅमला लागायची तीच, त्यामुळे लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुणाकडेही उसनी मिळते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीचे पॅनल बऱ्याच नावांनी विकले जातात आणि तपासायचं काय ते सगळ्यांना सारखंच लागू आहे.

दुकानात पॅनल पूर्ण उजेडावर लावून दाखवतात. भयपटवाल्याने उलट करावं, अगदी खाली आणून बघावं. शूटिंग एका जुन्या वाड्यात होतं, आणि त्याच्या माजघरात आमचा पॅनल बहुतेक वेळ पाच ते दहा टक्क्यांवरच होता. बरेच स्वस्त पॅनल मंद करताना एलईडी फार वेगाने चालू-बंद करत राहतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्यात आडवे पट्टे सरकताना दिसतात. दुकानातच फोन स्लो मोशनवर टाका, पॅनल पाच टक्क्यांवर आणा आणि बघा. आमचा या परीक्षेत उतरला म्हणून घेतला. सत्र संपेपर्यंत खालच्या टोकाला तो एकदाही फडफडला नाही, आणि माझ्या लेखी हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

फडफडीची दुसरी बाजू घरच्या विजेची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वाड्यातला बल्ब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. जिन्यावरचा जुना बल्ब आम्हाला फ्रेममध्ये हवाच होता. फोनवर सगळं हाताने ठरवता येईल असं कॅमेरा अॅप घेतलं, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर पक्कं केलं, की प्रश्न मिटतो.

आता अंधाराबद्दल, कारण पॅनल घेतला तो त्याच्यासाठी. फोनला ऑटोवर ठेवून अंधाऱ्या खोलीत नेलं की तो आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवतो आणि काळोखाच्या जागी दाणेदार राखाडी चिखल देतो. त्यात कुणाला भीती वाटणार? आयएसओ खाली बांधून ठेवा आणि जेवढं दिसायला हवं तेवढ्यावरच उजेड टाका, बाकीचं आपोआप काळं पडतं. लहान पॅनलचा उजेड अंतर दुप्पट झालं की साधारण चौथा हिस्सा उरतो. म्हणून तो चेहऱ्याच्या जवळ आणायचा आणि मंद करायचा. पॅनलपासून चेहरा २ फुटांवर आणि मागची भिंत ८ फुटांवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या सोळावा भाग उजेड मिळतो. भिंत जवळपास गडप होते आणि तिथे काय उभं आहे हे प्रेक्षक शोधत बसतो. तोच पॅनल खोलीच्या कोपऱ्यात ठेवून त्याचा उजेड वाढवला, तर चेहरा तेवढाच उजळेल, पण भिंत, दिवाळीचं कॅलेंडर, खुंटीवरचा शर्ट, सगळं दिसेल. हे गणित कळल्यावर मला लाइटचं काम मनापासून आवडायला लागलं.

दोन पॅनल असण्याचा फायदा कंदिलाच्या दृश्यात कळला. आमच्या गोष्टीतली सून कंदील घेऊन माडीवर जाते. कंदिलाच्या ज्योतीवर चेहरा पुरेसा उजळत नाही, आणि चेहऱ्यासाठी एक्सपोजर वाढवलं की ज्योत पांढरीफट्ट होते. एक पॅनल ३२०० वर, बटर पेपर लावून, भिंतीतल्या देवळीत लपवला. ती समोरून जाते तेव्हा उजेड कंदिलाचाच वाटतो. दुसरा ५६०० वर, खिडकीबाहेरून. फोनचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या रंगाचा उजेड पांढरा धरायचा ते, ४००० केल्विनच्या आसपास बांधला की आतला उजेड केशरी आणि खिडकीतला निळसर चांदण्यासारखा दिसतो, एडिटिंगमध्ये रंग न चढवता. पॅनलचा सीआरआय, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९५ च्या वर असेल तरच घ्या. तो कमी असला की सावळी त्वचा हिरवट, आजारी दिसते. भुतासाठी ते चालेल, सुनेसाठी नाही. सावळ्या चेहऱ्यावर थेट समोरून उजेड मारण्यापेक्षा बाजूने, थर्माकोलवर आपटून घेतलेला खूप सुंदर बसतो. गालाच्या कडेला नुसती चमक येते आणि चेहरा ओळखू येतो. ही गोष्ट मला एका लाइटदादांनी शिकवली. साताऱ्याच्या आजूबाजूला मालिकांची शूटिंग चालतात, अशा माणसांना विचारायला लाजू नका. ते भरभरून सांगतात.

हा पॅनल कुठे अपुरा पडतो तेही सांगते. एक प्रसंग साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीवर होता. विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली ही विहीर, ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची. अशा जागी रात्री ट्रायपॉड घेऊन उतरावं असं आम्हाला वाटत नव्हतं, म्हणून दिवसाच रात्र केली. आकाश फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही, एक्सपोजर दोन स्टॉप खाली (दर स्टॉपला उजेड निम्मा), व्हाइट बॅलन्स थंड. दगडी पायऱ्यांवर वरून झिरपणारा उजेड मुळातच इतका जिवंत आहे की फार काही करावं लागलं नाही. पॅनल तिथे पूर्ण उजेडावर लावूनही डोळ्यातल्या चमकत्या ठिपक्यापुरताच कामी आला. उन्हासमोर १५ वॉट म्हणजे काहीच नाही. पाणी आणि उंची, दोन्हींची काळजी घ्या. आम्ही एक माणूस फक्त नजर ठेवायला उभा केला होता आणि तो शेवटपर्यंत तिथून हलला नाही.

बॅटरी: पूर्ण उजेडावर छोटी एनपी-एफ ५५० तासाभरात संपते, पण दहा टक्क्यांवर आख्खी रात्र निघते. ९७० मोठी आणि जड आहे, तिच्या वजनाने पॅनल स्टँडवर मान टाकतो. भयपटाला ५५० च्या दोन बॅटऱ्या पुरतात.

काही महिन्यांनंतरची तब्येत अशी: एलईडी सगळे शाबूत, रंगात फरक नाही. उजेडाची चकती सैल झालीय, हात लागला की आकडा दोन-तीन टक्के सरकतो. दोन शॉट जुळवायचे असतील तर आकडा दरवेळी वाचा. खालचा स्क्रू-ब्रॅकेट झिजला, तो बदलून मिळतो. उजेड अडवायला बाजूच्या झडपा मिळत नाहीत. आम्ही काळा चार्टपेपर कपड्यांच्या चिमट्यांनी लावला आणि तेच सत्रभर चाललं, फक्त पूर्ण उजेडावर पॅनल तापतो, तेव्हा कागद टेकू देऊ नका. पावसात मात्र हा काढूच नका. जुन्या वाड्यात पावसाळ्यात ओल असते, आम्ही रात्री पॅनल तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या जागी, पिशवीत बांधून ठेवायचो.

पाच-दहा जणांचा ग्रुप, खोल्यांमधली गोष्ट, फोनचा कॅमेरा, एवढं असेल तर एका मोठ्या लाइटपेक्षा असे दोन छोटे पॅनल डोळे झाकून घ्या. आमचे पॅनल आता दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे आहेत. त्यांच्या गोष्टीत भूत भर दुपारी उसाच्या फडात दिसतं, तेव्हा पॅनलसोबत मी त्यांना थर्माकोलच्या दोन मोठ्या शीट आणि एक आरसा घ्यायला सांगितलंय.